आधीं आज्ञा, मग क्षमा



मार्टिन ल्यूथर यानें इ. स. १५२९ सालीं सामान्य कुटुंबांकरितां एक लहानशी प्रश्नोत्तरावली लिहिली. केवळ कृपेनें तारण, हें ज्याच्या उपदेशाचें सार, त्याच्या पुस्तकाचें पहिलें पान कृपेचें असेल असें कोणासही वाटेल. पण तें पुस्तक दहा आज्ञांनीं सुरू होतें. विश्वासांगीकार त्यानंतर, आणि प्रभूची प्रार्थना त्याच्याही मागून येते. हा क्रम सहज पडलेला नव्हता. रोग्यास प्रथम आपला रोग कळावा, मग औषध कोठें आहे तें कळावें, आणि मग तें मागावें कसें हें कळावें, असा खुलासा ल्यूथरनें १५२० सालींच करून ठेवला होता.

त्याचा जुना विद्यार्थी व मित्र योहान आग्रिकोला यास हें पटलें नाहीं. ख्रिस्ती मंडळीपुढें नियमशास्त्र सांगण्याचें कारण काय, असें तो विचारूं लागला. आज्ञांची जागा कचेरींत. व्यासपीठावरून शुभवर्तमानच ऐकूं यावें, आणि त्यानेंच पश्चात्ताप उत्पन्न व्हावा. १५३७ पासून विटेनबर्ग येथें ह्यावर जाहीर वाद झाले. आग्रिकोलाचें म्हणणें ऐकावयास गोड आहे, आणि त्यांत मुळींच तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. नुसत्या धाकानें मोडलेलें मन देवाकडे वळत नाहीं, तें देवापासून पळतें. मठांत काढलेल्या दिवसांवरून ल्यूथरला हें पक्कें ठाऊक होतें. तरीही त्यानें आज्ञा सोडल्या नाहींत. कां, तें दावीद राजाच्या कथेवरून अधिक स्पष्ट होईल.

दावीद हा कोणी देवाला न ओळखणारा मनुष्य नव्हे. तो देवानें निवडलेला, वीणेवर स्तोत्रें गाणारा. त्यानें उरीया हित्तीच्या पत्नीस, बथशेबेस, वाड्यांत आणविलें. आणि प्रकरण झांकेना तेव्हां उरीयास लढाईच्या ऐन तोंडावर उभें करावें असें सेनापतीस लिहिलें. तें पत्र उरीयाच्याच हातीं धाडलें. उरीया पडला. राजानें त्याच्या विधवेशीं विवाह केला, मूल जन्मास आलें. ह्या सर्व महिन्यांत राजाची उपासना बंद पडली होती असें कोठेंही लिहिलेलें नाहीं.

मग नाथान संदेष्टा आला. देव दयाळू आहे, एवढेंच तो बोलता तर दाविदानें मान डोलाविली असती; ती गोष्ट त्यास पाठच होती. नाथानानें एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. शेजारच्या धनवानानें पाहुण्यासाठीं ती कापली होती. राजा संतापला, त्यानें मरणदंड उच्चारला. आणि तो मनुष्य राजा स्वतःच आहे, हें नाथानानें त्याच्या तोंडावर सांगितलें. नियमशास्त्राचें कार्य तें हेंच. परक्याच्या पापावर आपण दिलेला निकाल तें आपल्याच नांवें लिहून देतें.

दाविदानें एका वाक्यांत कबुली दिली, आणि नाथानानें तत्काळ क्षमा सांगितली. पापाचीं फळें भोगावीं लागलीं तीं लागलींच. पण क्षमेस विलंब झाला नाहीं. उपदेशकांनीं हें लक्षांत घ्यावें. आज्ञेचा आसूड एकदां हातीं आला म्हणजे आमच्यापैकीं कित्येकांस तो खालीं ठेवणें जड जातें.

परंतु कबुलीच्या आधींच ती क्षमा सांगितली असती, तर उरीयाचें काय? मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच्या बाजूनें बोलणारें त्या वाड्यांत कोणी उरलें नव्हतें; बोलली ती आज्ञा. भावाचा वाटा दाबून बसलेला, किंवा नोकराचा पगार बुडविणारा मनुष्य रविवारीं प्रभुभोजनास येतो. त्यास नुसती कृपा सांगितली तर तो ती आनंदानें घेईल, आणि भाऊ दाराबाहेर उभा तो उभाच राहील.

उरीया मात्र बाहेर राहिला नाहीं. मत्तय ख्रिस्ताची वंशावळ लिहीत दाविदापर्यंत येतो, तेव्हां शलमोनाच्या आईचें नांव तो घालीत नाहीं. ती उरीयाची पत्नी होती, एवढेंच लिहितो.