निर्देशांक आणि मुंबईकर कामगाराचा खिसा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मुंबईतील महागाई देशाच्या सरासरीपेक्षा कमी वेगाने वाढली, असा युक्तिवाद वेतनाच्या वाटाघाटीत मालकपक्ष पुढे करतो. आकडा खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा असू शकतो. तो कसा, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावयास हवे.

औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची जी मालिका सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली, तिचे पायाभूत वर्ष २०१६. देशातील ८८ केंद्रांची २०१६ ची पातळी १०० धरलेली आहे. मुंबईची खोली आणि लहान शहरातील खोली, दोहोंचा आरंभ १०० पासूनच! समजा, एका ठिकाणचे पाच हजारांचे भाडे सहा हजार झाले आणि दुसरीकडचे एक हजाराचे साडेबाराशे. पहिली वाढ २० टक्के, दुसरी २५ टक्के. निर्देशांक दुसरीकडे अधिक चढेल. परंतु पहिल्या कामगाराच्या खिशातून हजार रुपये जादा गेले, दुसऱ्याच्या अडीचशे. निर्देशांक वाढीचा वेग सांगतो, जगणे किती महाग आहे हे सांगत नाही.

दुसरा प्रश्न सरासरीचा. या मालिकेत अखिल भारतीय पातळीवर घरभाड्याला १६.८७ टक्के भार दिलेला आहे. भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेला जुन्या चाळीतील भाडेकरू आणि गोवंडीच्या वस्तीत दरसाल नवा करार करणारा भाडेकरू, यांची सरासरी दोघांपैकी एकाचीही स्थिती दाखवीत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

औषधोपचाराच्या बाबतीत तर सरासरी अधिकच फसवी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) देशाच्या नागरी भागात रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च, बाळंतपणे वगळता, सरकारी रुग्णालयात ४,८३७ रुपये, तर खाजगी रुग्णालयात ३८,८२२ रुपये आढळला. आठपट! बुडालेली मजुरी यात धरलेली नाही. तेव्हा मुंबईत उपचार किती महाग, या प्रश्नाचे उत्तर केईएम, नायर वा शीव रुग्णालयात खाट मिळते की नाही, यावर अवलंबून आहे. या रुग्णालयांत शहराबाहेरचेही असंख्य रुग्ण येतात. पालिकेची एक खाट कमी होणे म्हणजे एका कामगार कुटुंबाची अघोषित वेतनकपात होय.

निर्देशांक हा केवळ तज्ज्ञांचा विषय नव्हे, हे मुंबईच्या कामगारांनी पूर्वीच सिद्ध केले आहे. १९६३ साली मुंबईच्या निर्देशांकाविरुद्ध कामगार संघटनांनी आवाज उठविला, तेव्हा प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि निर्देशांकात दुरुस्ती झाली. महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडलेला असल्याने त्यातील प्रत्येक अंक भाकरीशी निगडित होता.

यास्तव आपले काम स्पष्ट आहे. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील भाडे, शाळा, प्रवास व औषध यांच्या खर्चाची कुटुंबवार नोंद ठेवावी. वाटाघाटीत टक्केवारीच्या शेजारी रुपयांचा हिशेब मांडावा. आणि वेतनवाढीच्या मागणीपत्रात पालिका रुग्णालयांतील खाटा व मोफत औषधे यांची मागणीही तितक्याच ठळकपणे नोंदवावी.