बटाट्याच्या पोटातला चीक

वेफर्स, कीस, पापडांचे दिवस आहेत आणि गटांच्या बैठकीत यंदा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. मोबाईलवर कुणीतरी पाठवलंय की बाजारातला 'शुगर फ्री' बटाटा जीएम, म्हणजे जनुक बदललेला असतो; तो खाऊ नका, विकू नका. आमच्या दोन गटांनी तर वेफर्सच्या ऑर्डरी घेणंच थांबवलं. म्हणून आज बटाट्यावरच बोलू.

आधी सरळ उत्तर. आपल्या देशात जीएम बटाटा लावायला परवानगी नाही. शेतकऱ्यांच्या शेतात मोठ्या प्रमाणावर आहे तो बीटी कापूस, २००२ पासून. बीटी वांग्याचं प्रकरण आलं होतं, त्याला फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने स्थगिती दिली.

पण जनुक बदललेला बटाटा जगात झालाच नाही, असं नाही. गंमत म्हणजे त्यातला एक खाण्यासाठी नव्हताच. कागद, सूत आणि डिंक यांच्या कारखान्यांसाठी होता.

कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो. बटाट्याचा कीस धुतला की पाण्याच्या तळाला पांढरा साका बसतो, तोही तसाच चीक. त्यालाच स्टार्च म्हणतात. त्यात दोन प्रकार मिसळलेले असतात. एक सरळ धाग्यासारखा, अमायलोज. दुसरा फांद्या फुटलेल्या झाडासारखा, अमायलोपेक्टिन. साध्या बटाट्याच्या स्टार्चमध्ये पहिला साधारण २० टक्के, दुसरा ८० टक्के. इंद्रायणीचा भात चिकट आणि कोलमचा मोकळा होतो, त्यातही या प्रमाणाचा मोठा वाटा असतो. कारखान्याला हवा असतो तो चिकट, फांद्यांचा स्टार्च. त्याने कागदाला चकाकी येते, सुताला चांगली खळ बसते. दोन्ही प्रकार वेगळे करायचे तर पाणी, वीज, रसायनं, सगळा खर्च.

तेव्हा बीएएसएफ या जर्मन कंपनीने 'ॲमफ्लोरा' नावाचा बटाटा आणला. अमायलोज बनवणारं बटाट्याचंच जनुक त्यात उलटं बसवून ते काम बंद पाडलं होतं. राहिला जवळजवळ सगळा चिकट स्टार्च. इथवर काही भीतीदायक नाही. वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर. कोणत्या पेशीत बदल झाला हे ओळखायला खूण म्हणून आणखी एक जनुक घातलं होतं, आणि त्यामुळे कॅनामायसिनसारख्या औषधाचा परिणाम होत नाही. ही ताकद रोगजंतूंकडे गेली तर, असा आक्षेप होता. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने धोका नाही असं सांगितलं. तिच्या दोन तज्ज्ञांनी मात्र वेगळं मत नोंदवलं.

मार्च २०१० मध्ये युरोपात लागवडीला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ॲमफ्लोराच्या शेतात त्याच कंपनीचा दुसरा, मंजुरी नसलेला जीएम बटाटा मिसळलेला सापडला. आम्हाला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट ही. प्रयोगशाळेत सगळं चोख असेल, पण बियाण्याची पोती भरणारे आपल्यासारखेच हात असतात. लोकांचा विरोध होताच. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने युरोपातली विक्री थांबवली. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या न्यायालयाने मंजुरीच रद्द केली, कारण ती देताना ठरलेली पद्धत पाळली नव्हती.

आता याच्या शेजारची गोष्ट ऐका. नेदरलँड्समध्ये 'आवेबे' नावाची बटाटा शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखी, शेतकरीच सभासद. तिनेही तसाच चिकट स्टार्चचा बटाटा आणला, 'एलियान'. बाहेरचं जनुक न घालता, जातींचा संकर करून. वेळ लागला, पण तो परवानगीच्या त्या भानगडीत अडकला नाही. याचा अर्थ जीएम म्हणजे वाईटच, असा आम्ही काढत नाही. बदल कशासाठी, कुणाच्या सोयीसाठी आणि दुसरा रस्ता होता का, एवढं विचारायला मात्र शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

आता आपल्या 'शुगर फ्री' बटाट्याकडे. बटाटा फार थंडीत ठेवला की त्यातला थोडा स्टार्च साखर बनतो. म्हणून शीतगृहातला बटाटा गोडसर लागतो आणि तळताना वेफर लाल पडतो. तोच बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवला तर साखर कमी बनते. व्यापारी त्याला 'शुगर फ्री' म्हणतात. जनुकाचा संबंध नाही. वेफर्ससाठी शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेली कुफ्री चिप्सोना ही जात आहे, तीसुद्धा संकराचीच.

एक मात्र लक्षात ठेवा. 'शुगर फ्री' वाचून मधुमेह असलेल्या सासूबाईंना ताटभर भाजी वाढू नका. स्टार्च त्यातही तेवढाच असतो आणि पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. किती खायचा ते डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा.

ऑर्डरी थांबवलेल्या दोन्ही गटांच्या अध्यक्षा आणि सचिवांनी सोमवारच्या बैठकीला हिशोबाची वही घेऊन यावं. बटाटा एकत्रच घेऊ, म्हणजे भावही बरा पडेल. घेण्याआधी दोन बटाटे कापून, चार चकत्या तळून बघू. लाल पडल्या तर ते पोतं परत.