मतदानाची सक्ती कोणावर?

(राष्ट्रीय मतदार दिनी, २५ जानेवारीस, उमरेड येथे एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



जो मत देणार नाही त्यास दंड करावा, असे हल्ली पुष्कळ शिकलेली मंडळी बोलतात. ऐकावयास बरे वाटते. परंतु दंडाचा पैसा कोणाच्या कनवटीचा सुटणार, हे आधी पाहा.

इंग्रजी अमलात मत मिळे ते सारा, कर नाही तर शिक्षण पाहून. रेशीमकाठी धोतरे विणणाऱ्या या उमरेडच्या बहुतेक हातांना ते कोठून मिळणार? सर्व सज्ञानांस मत द्या, अशी मागणी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे मांडली. ती १९५१-५२ च्या निवडणुकीत फळास आली. म्हणून मत फुकट घालवा, असे मी कधीच म्हणणार नाही.

पण सक्ती निराळी. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी २००९ साली तसा कायदा विधानसभेत मंजूर केला. पुढे दंड १०० रुपये ठरला, आणि २०१५ च्या ऑगस्टात तेथील हायकोर्टाने त्यास स्थगिती दिली. ऑस्ट्रेलियाचा दाखला देतात. तेथे १९२४ पासून सक्ती आहे खरी, पण मतदान शनिवारी असते, टपालानेही मत देता येते. आमचे विद्वान दंड तेवढा उचलून आणतात, सोय तिकडेच ठेवून येतात!

२०२४ साली आपल्या रामटेक मतदारसंघाचे मतदान १९ एप्रिलला झाले. त्या दिवसांत वीटभट्ट्या पेटलेल्या असतात. परमुलखातल्या भट्टीवरचा मजूर उचल फिटल्याशिवाय गावी कसा येणार? फौजेतल्या जवानास टपालाने मत देता येते, ते योग्यच आहे. ह्या मजुरास ती वाट नाही. उद्या दंड झाला तर तो ह्याच्याच दारी येईल. बंगल्यातला शंभराची नोट फेकून झोपून राहील.

आणि दंडाचा एक कायदा आहेच की! मतदानाच्या दिवशी धंद्यात, कारखान्यात कामास असलेल्यास, रोजंदारीवाल्यासही, मजुरी न कापता सुट्टी द्यावी, न दिल्यास मालकास ५०० रुपयांपर्यंत दंड, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५ ब सांगते. हा दंड वसूल झालेला तुमच्यापैकी कोणी पाहिला काय? आधी तो वसूल करा, मग मतदाराच्या अंगावर या.

आता कामाचे. भाषण संपल्यावर मी यादी मोठ्याने वाचणार आहे. नाव नसेल त्याने नमुना ६, चूक असेल त्याने नमुना ८ येथेच भरावा. लिहिता येत नसेल त्याचा मी भरून देईन. सासरी आलेल्या सुनांची नावे आधी पाहा. ती फार सुटतात.