पहिला पगार, पहिली उधारी



मराठी मध्यमवर्गीय घरात एके काळी महिनाअखेरीस जमाखर्चाची वही उघडली जाई. दूध, किराणा, वाण्याची उधारी, भिशीचा हप्ता सारे तीत उतरे आणि मुले ते ऐकतच मोठी होत. बहुतेक घरांतून ती वही गेली आणि तिच्याबरोबर एक संस्कारही गेला. आज पहिला पगार हाती पडतो न पडतो तोच क्रेडिट कार्ड येते. बचतीआधी उधारीची सवय लागते.

कार्डाच्या देयकावर 'किमान देय रक्कम' छापलेली असते. तेवढी भरली की काम भागले, अशी तरुणाची समजूत. थकबाकी २० हजार रुपये, व्याज दरमहा साडेतीन टक्के आणि किमान भरणा पाच टक्के धरून हिशेब करावा. तो एक हजार रुपये भरतो. त्यातले ७०० व्याजात जातात, त्या व्याजावरील १८ टक्के वस्तू व सेवा करापोटी १२६. मुद्दल उतरते अवघे १७४ रुपयांनी! शिवाय थकबाकी राहील तोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही. वाण्याने असा हिशेब मांडला असता तर अख्खी आळी त्याच्या दारात उभी राहिली असती.

मग कित्येकदा ही भोके बुजविण्यासाठी झटपट नफ्याची वाट धरली जाते. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या 'फ्युचर्स-ऑप्शन्स'मध्ये उतरलेल्या व्यक्तिगत व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. त्यांतील तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर पोहोचले. याला गुंतवणूक म्हणणे हा त्या शब्दाचाच अपमान होय.

रकमेहूनही चिंतेची गोष्ट म्हणजे लपवाछपवी. वसुलीचा दूरध्वनी येईपर्यंत आईवडिलांना काही कळत नाही. प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला पूर्ण पत-अहवाल विनामूल्य मिळावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरुणाने तो मागवावा आणि येत्या रविवारी कार्डाच्या देयकासह घरच्यांसमोर ठेवावा. वडील रागावतील, पण पुढच्या महिन्यापासून पूर्ण रक्कम कशी भरायची, हे त्याच बैठकीत ठरेल.