धूर, अग्नी आणि ओले सरपण

(पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी भरलेल्या तर्कशास्त्र व तत्त्वज्ञानाच्या उन्हाळी वर्गात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



भर वैशाखात आंबे आणि लग्ने सोडून आपण तर्कशास्त्र शिकावयास आलात, याचे मला अप्रूप वाटते. याच महाराष्ट्रात १९१६ साली प्रताप शेठजींसारख्या गिरणीमालकाने अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभारले होते. आज मात्र या विषयासाठी विद्यार्थी शोधावे लागतात. मी स्वतः कला शाखेचा. गुण मिळतात म्हणून तर्कशास्त्र घेतले, उत्तरपत्रिकेत उतरविले आणि विसरलो. त्याचे मोल पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत कळले. ते चुकविले मात्र दुसऱ्याने.

आपण येथे अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' वाचीत आहात. सतराव्या शतकातील ही चिमुकली पोथी. आठल्ये-बोडस यांची १८९७ची मुंबईची आवृत्ती अभ्यासक अजूनही उघडतात. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करता येते. उलट करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी अग्नीशी ओल्या सरपणाचा संयोग व्हावा लागतो. हे ओले सरपण म्हणजे 'उपाधी'. जेथे जेथे साध्य तेथे तेथे ती असते. पण जेथे जेथे हेतू तेथे तेथे ती असतेच असे नाही. परीक्षेत ही व्याख्या मी बिनचूक लिहिली होती.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका वसतिगृहातील मुले आजारी पडल्याची बातमी माझ्याकडे आली. आजारी पडलेल्या बहुतेक मुलांनी रात्रीची उसळ खाल्ली होती. मी लिहिले : उसळीतून विषबाधा. दुसऱ्या दिवशी आचाऱ्याला काढून टाकण्यात आले.

आठवड्याने सगळे उलगडले. उसळ खाऊन विहिरीचे पाणी प्यालेले नोकर ठणठणीत होते. त्या दिवशी एकादशी होती. उसळीला न शिवलेली, पण टाकीचे पाणी प्यालेली उपवासाची चार मुलेही आजारी होती. टाकी कित्येक महिने धुतलेली नव्हती. उसळ हा हेतू, आजार हे साध्य, टाकीचे पाणी ही उपाधी! आजारी पडलेल्या प्रत्येकाने ते पाणी घेतले होते. उसळ खाणाऱ्या प्रत्येकाने नव्हे. ती चार मुले माझ्या टिपणवहीत पहिल्याच दिवशी होती. बातमीत बसत नव्हती, म्हणून मी ती गाळली.

खुलासा आतल्या पानावर चार ओळींत छापला गेला. मी आचाऱ्याच्या घरी गेलो, तेव्हा तो गाव सोडून गेला होता. नव्या गावी त्याला कोणी स्वयंपाकघरात घेतले की नाही, हे मला कधीच कळले नाही.

त्या बातमीचे कात्रण मी आपल्या अध्यापकांकडे दिले आहे. दुपारच्या सत्रात ते वाचा. मी सांगितलेल्या दोषाखेरीज तिच्यात आणखी एक हेत्वाभास आहे. तो आपण शोधावा.