पाटी लावल्यानंतर

(शाळेच्या १९८५ सालच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘समाजसेवा : माझे अनुभव’. वेळ दिली पंधरा मिनिटं. समोर मराठीच्या बाई बसल्या आहेत, त्यामुळे विषय ऐकल्यावर निबंधाच्या तासासारखा पोटात गोळा आला. बाई, बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाही, एवढाच दिलासा आहे.

तुम्हांला माहीत आहे, माझं एस.टी. स्टँडसमोर औषधांचं दुकान आहे. १९९८ साली मी गावातल्या एका सेवा क्लबाचा सभासद झालो. क्लबाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे मी ज्या चुका सांगणार आहे त्या माझ्या आणि माझ्या चार सहकाऱ्यांच्या आहेत. चिन्ह चाकाचं होतं की सिंहाचं, यानं त्यात काही फरक पडत नाही.

या क्लबांबद्दल गावात काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. ‘डॉक्टर, वकील, व्यापारी एकत्र जमतात, जेवतात आणि वह्या वाटून फोटो काढतात.’ यात निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं सांगतो. रोटरी सुरू झाली २३ फेब्रुवारी १९०५ला, शिकागोत. पॉल हॅरिस नावाचा वकील आणि त्याचे तीन मित्र आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत जमायचे. सभा अशी फिरती म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला हेतू ओळखी वाढवण्याचाच होता. मग त्यांनी हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक काम कोणतं असेल? शहरात सार्वजनिक संडास बांधून घेण्याचं. आज कुठल्याही क्लबाच्या अध्यक्षाला सांगून बघा की तुमच्या वर्षाचा मुख्य प्रकल्प संडास! लायन्सही शिकागोचेच, १९१७चे. विमा एजंट मेल्विन जोन्स हे त्यांचे संस्थापक. १९२५मध्ये हेलन केलर त्यांच्या अधिवेशनात गेल्या आणि अंधांसाठी काम करा असं त्यांना सांगून आल्या. आपल्याकडे गावोगाव लायन्सची मोतीबिंदूची शिबिरं होतात, त्याचं मूळ तिथं आहे.

आता पोलिओबद्दल. त्यासाठी मला आपल्या एका मित्राबद्दल बोलावं लागेल. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि त्याची परवानगी घेऊनच बोलतोय. नाव घ्यायला त्यानं मनाई केली आहे. डाव्या पायाला कॅलिपर घालून तो शाळेत यायचा. व्हरांड्यातून येताना टक टक आवाज यायचा, आणि तो आवाज आला की आपण ओळखायचो, घंटा व्हायला दोन मिनिटं आहेत. आपण जन्मलो १९६९-७०च्या सुमारास. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी पोलिओचे थेंब सरकारी लसीकरणात आले. त्याच्या पायाचा प्रश्न एवढ्या अंतराचा होता.

१९८५ साली आपण दहावीचा पेपर लिहीत होतो, त्याच वर्षी रोटरीनं जगातून पोलिओ घालवायचा कार्यक्रम जाहीर केला. त्याआधी १९७९पासून फिलिपिन्समध्ये मुलांना डोस देऊन त्यांनी अंदाज घेतला होता. १९८८मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ बरोबर आले. तेव्हा जगात दरवर्षी साडेतीन लाखांच्या आसपास मुलं या रोगानं लुळी पडत होती. भारतभर पल्स पोलिओ सुरू झालं १९९५मध्ये.

माझं काम या सगळ्यात किती? स्टँडवरचा एक बूथ. पण बूथ काय असतो ते सांगतो, कारण मला त्यातलं समजतं. थंड पेटीत बर्फाचे चार पॅक आणि मधे लशीच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीवर एक छोटं वर्तुळ आणि वर्तुळात चौकोन. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली. उष्णतेनं तो गडद होत जातो. वर्तुळाच्या रंगाचा झाला की बाटली फेकायची. दोन थेंब बाळाच्या तोंडात, डाव्या करंगळीला शाई, वहीत रेघ. सगळी एस.टी. थांबवून आम्ही आत चढायचो. कंडक्टर चिडायचे. सोमवारपासून आरोग्यसेविका आणि अंगणवाडीताई घरोघर जायच्या, दारावर खडूनं खूण करायच्या. खरं काम त्यांचं. आम्ही चहा, वडापाव आणि रिक्षा पुरवायचो. हे वाक्य आमच्या क्लबाच्या अहवालात असंच कधी छापलं गेलं नाही.

दरवर्षी हेच. ‘अजून किती वर्षं?’ असं आमच्यातलेच लोक विचारायचे. २००९ साली देशात ७४१ रुग्ण निघाले, तेव्हा मलाही वाटलं की हे काही संपत नाही. पुढच्या वर्षी ४२. आणि १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालमध्ये हावड्याला एका दोन वर्षांच्या मुलीला झाला तो शेवटचा. २७ मार्च २०१४ला आपला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. पाकिस्तान-अफगाणिस्तानातून तो अजून गेलेला नाही, म्हणून आपल्याकडे डोस अजून द्यावेच लागतात.

त्या दिवशी संध्याकाळी मी पेढे घेऊन या मित्राकडे गेलो. त्यानं पेढा घेतला आणि म्हणाला, “बरं झालं. पण तुझ्या त्या शिबिराचं मी अजून विसरलेलो नाही.”

ते शिबिर २००३चं. आम्ही कॅलिपर वाटपाचं शिबिर घेतलं होतं. महिनाभर आधी मापं घेतली, माणसं लांबलांबून आली. कॅलिपर सकाळी नऊलाच तयार होते, पण ते पाहुण्यांच्या हस्ते द्यायचे म्हणून थांबवले. पाहुणे आले पावणेबाराला. त्रेचाळीस माणसं मांडवात उन्हाची तिरीप चुकवत बसलेली. मग एकेकाचं नाव पुकारलं, की त्यानं स्टेजवर यायचं, हातात कॅलिपर घ्यायचा, फोटो, उतरायचं. मी हौसेनं या मित्राला बघायला बोलावलं होतं. तो मागं उभा राहून बघत होता. कार्यक्रम संपल्यावर म्हणाला, “लेका, पायांचं शिबिर घेतलंस आणि स्टेजला पायऱ्या ठेवल्यास?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच वर्षं मी सेवा करत होतो आणि ती गोष्ट मला दिसली नव्हती.

दुसरी चूक यापेक्षा महाग पडली. परदेशातल्या एका क्लबाशी आमची भागीदारी झाली. इथल्या क्लबानं जागा आणि गरज शोधायची, थोडे पैसे घालायचे. तिथल्या क्लबानं मोठा वाटा उचलायचा. मग हिशेब, फोटो, अहवाल. पद्धत चांगली आहे. आम्ही ठरवलं, डोंगरातल्या एका वाडीच्या शाळेला पाणी शुद्ध करायचं आर.ओ. मशिन द्यायचं. मी त्या वर्षी अध्यक्ष होतो. उद्घाटन झालं, ग्रॅनाइटची पाटी लागली, पाटीवर माझं नाव दुसऱ्या ओळीत आलं.

आर.ओ. असतं क्षारांसाठी. बोअरच्या खाऱ्या, जड पाण्याला ते हवं. डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्यात क्षार मुळातच कमी, भीती असली तर जंतूंची. ती उकळून किंवा क्लोरीन टाकून जाते. त्यात हे मशिन एक हंडा पाणी देताना त्याहून जास्त पाणी नालीत सोडतं. एप्रिलमध्ये जिथं बायका डोक्यावरून पाणी आणतात तिथं आम्ही पाणी फेकणारं यंत्र बसवून आलो. मी औषधांच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस, मला हे कळायला हवं होतं. पण मशिन एक सभासद सवलतीत देणार होता, आणि वर्ष संपायला तीन महिने उरले होते.

तुम्हांला आमच्या या वर्षाची गंमत सांगायला हवी. सेवा क्लबांत अध्यक्ष दर १ जुलैला बदलतो. नवा अध्यक्ष, नवी घोषणा, नवा प्रकल्प. मागच्याच्या प्रकल्पाची डागडुजी कोण करणार? त्याच्यावर पाटी लागत नाही. त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्याच पावसाळ्यानंतर पत्र पाठवलं होतं की मशिन बंद पडलं आहे. पत्र नव्या अध्यक्षाकडे गेलं. दुसरं पत्र त्याच्यानंतरच्या अध्यक्षाकडे गेलं. तिसरं त्यांनी लिहिलं नाही.

तीन वर्षांनी परदेशातल्या क्लबाचे एक सभासद सुटीत भारतात आले आणि म्हणाले, मला ती शाळा बघायची आहे. सत्तरीचे गृहस्थ, आयुष्यभर नळजोडणीचं काम केलेले. आम्ही घाईघाईनं बाईंना फोन केला. गेलो तर मशिन कोपऱ्यात, वर नकाशांच्या गुंडाळ्या ठेवलेल्या. पाटी मात्र चकचकीत. बाईंनी ती पुसून घेतली होती, पाहुणे येणार म्हणून. मला त्या मशिनपेक्षा त्या पुसलेल्या पाटीची जास्त लाज वाटली.

ते गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की पाणी कुठून येतं. मग चालत झऱ्यापर्यंत गेले, परत आले आणि बाईंना विचारलं, “तुम्हांला काय हवं होतं?” मी ते मराठीत सांगितलं. बाई म्हणाल्या, “मुलींच्या संडासात पाणी. सातवीच्या पोरी दुपारी घरी जातात त्या परत येत नाहीत. हे मी तेव्हाही सांगणार होते, पण तुम्ही मशिन घेऊनच आलात.”

शेवटी झऱ्यापासून पाइप टाकला, एक टाकी बसवली, दोन नळ काढले. खर्च मशिनच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी आला. आणि वर्षातून दोनदा कोणी जाऊन वॉशर बदलायचे, त्याची यादी केली. त्या यादीत अध्यक्षपद नाही, माणसांची नावं आहेत. माझं नाव जून आणि डिसेंबरसमोर आहे. या कामाला पाटी नाही.

मी पुष्कळदा विचार केला की पोलिओचं काम तीस वर्षं कसं टिकलं आणि आमचं मशिन एका पावसाळ्यात का मेलं. माझ्या मते मोजायची पद्धत वेगळी होती. आम्ही मोजत होतो किती वाटलं. पोलिओत मोजत होते किती उरलं. एक रुग्ण उरला तरी काम उरलं, मग अध्यक्ष कोणीही असो.

हे सगळं मी आज का सांगतोय? स्नेहमेळाव्याच्या निधीत खर्च वजा जाता तीन लाख चाळीस हजार रुपये उरले आहेत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बहुमत आहे की शाळेला प्रवेशद्वाराची कमान द्यावी, वर ‘१९८५ बॅच’ असं लिहावं. नकाशाही आला आहे. नकाशा देखणा आहे, आणि तो काढणाऱ्या मित्रानं एक पैसा घेतलेला नाही. त्याचा राग येऊ नये म्हणून मी आठ दिवस गप्प होतो. पण मी कमानीच्या विरुद्ध आहे. इथं सगळ्यांसमोर बोलतोय, कारण ग्रुपवर बोललो असतो तर तिथंच भांडण झालं असतं.

आपल्यापैकी कोणी आत्ताच्या मुख्याध्यापकांना विचारलं आहे का, की शाळेला काय हवंय? शिपाईमामांना? मी परवा सहज आलो होतो. मुलींच्या बाजूचा नळ मी उघडून बघितला. काय झालं ते सांगत नाही, कार्यक्रम संपल्यावर तुम्हीच जाऊन उघडा. कदाचित मुख्याध्यापक म्हणतील, आम्हांला कमानच हवी. मग मी पहिला कमानीला वर्गणी देईन. पण विचारायचं आधी. आणि जे करू त्यातले काही पैसे पुढच्या दहा वर्षांच्या दुरुस्तीसाठी बँकेत ठेवायचे, आणि कोण बघणार त्यांची नावं आजच लिहायची.

एक आठवण सांगतो आणि थांबतो. आपली दहावी ब वरच्या मजल्यावर भरायची. जूनमध्ये आठवडाभर आपण त्याचं दप्तर वर नेलं आणि तो भिंतीला धरून चढला. पुढच्या सोमवारी आलो तर वर्ग खाली, चित्रकलेच्या खोलीत. गणिताच्या सरांनी रविवारी शिपायाला घेऊन बाकं उतरवली होती. सर, तुम्ही कारण सांगितलं होतं की वर पत्रा गळतो. आम्ही नंतर वर जाऊन पाहिलं होतं. पत्रा गळत नव्हता.

सोमवारी सकाळी साडेदहाला मी मुख्याध्यापकांना भेटायला येणार आहे. तिसऱ्या रांगेतला आपला मित्र येतो म्हणाला आहे. कमानीचा नकाशा काढणाऱ्यानंही यावं अशी माझी विनंती आहे, टेप बरोबर घेऊन. मुक्कामाला असलेल्या आणखी कोणाला यायचं असेल तर चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्या.