फेसाचा भरवसा

लालबागच्या आमच्या चाळीत, गॅलरीत काय ठेवावं याचा एक अलिखित कायदा आहे. पाण्याचं पिंप, सायकल, तुळस चालते. मी तिथे दहा फुटी कयाक आणून ठेवली, तेव्हा शेजारच्या काकूंनी एवढंच विचारलं, ‘‘आता कामाला ह्यातून जाणार का रे?’’

कयाक म्हणजे एका माणसाची, दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्यानं चालवायची होडी. माझी जुनी, प्लॅस्टिकची, अलिबागकडून स्वस्तात मिळालेली. पुढच्या-मागच्या टोकांना ती पोकळ होती. उलटली की पाणी तिथे शिरणार. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटर शिरलं की झाला क्विंटल. ती पोकळी आधीच एखाद्या हलक्या वस्तूनं भरली, तर पाण्याला जागाच उरत नाही. गणित बरोबर होतं.

भरायला मी नागदेवी स्ट्रीटवरून फुगणाऱ्या फेसाचे डबे आणले. खिडकीची चौकट आणि भिंत यांतली फट बुजवायला वापरतात, तोच फेस. नाव पॉलियुरेथेन, १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेलं रसायन. नळीतून दाढीच्या फेसासारखं बाहेर येतं, बघता बघता फुगतं आणि टणक होतं. बोटांना लागलं तर काही दिवस तुमची सोबत सोडत नाही.

बैठकही मी त्याचीच केली. प्लॅस्टिकच्या पिशवीत फेस सोडला, पाण्याचा शिडकावा दिला, तोंड बांधलं आणि वर बसून राहिलो. माझ्या बैठकीचा हुबेहूब साचा तयार झाला. आई म्हणाली, ‘‘गणपतीच्या कारखान्यात दाखवून ये.’’

मग वरळी कोळीवाडा. तिथल्या एका वयस्क नाखवांनी कयाकच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, हात घालून फेस दाबून पाहिला. ‘‘धरलंय का ह्यानं?’’ मी छातीठोकपणे हो म्हटलं. पहिली फेरी चौदा वर्षांच्या भाच्यानं हट्टानं घेतली.

एका मचव्याची लाट आली आणि कयाक आडवी झाली. पुढच्या टोकातून फेसाचा अख्खा गोळा पावाच्या लादीसारखा सुटून बाहेर आला. पाणी भरलं, टोक खाली गेलं, शेपूट वर. भाचा तरंगत होता तो अंगातल्या जाकिटामुळे, माझ्या फेसामुळे नव्हे. नाखवांनीच त्याला होडीत ओढून घेतलं.

तो गोळा घरी कापला. वर टणक, आत कच्चा चिकट लगदा. हा फेस हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. बंद पोकळीत एकदम भरला, की ओलावा आतपर्यंत पोचत नाही. शिवाय कयाक पॉलिएथिलीनची. त्या गुळगुळीत प्लॅस्टिकला तो धरतच नाही. नाखवा म्हणाले, ‘‘आमी फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासतो, वर राळ-तेल. लाकूड पानी पिऊन फुगतं, कापसाला आवळतं. तुझं प्लॅस्टिक काय फुगनार?’’

आता दोन्ही टोकांत जाड फोमशीटचे ठोकळे घट्ट बसवून पट्ट्यांनी आवळले आहेत. कमरेइतक्या पाण्यात मी स्वतः ती चार वेळा उलटवून पाहिली. बैठक मात्र अजून तीच आहे.

भाचा आता कॉलेजात आहे. ताईला, म्हणजे त्याच्या आईला, हा प्रकार आज रेडिओवरच कळतो आहे.